तुपाची वाटी

दहाव्याला खाडीकाठी पिंड मांडले. भटजी बाजूला झाले, अण्णा दोन पावलं मागे सरले आणि तेवढ्यात कावळा शिवला. हात जोडायचीही कुणाला सवड मिळाली नाही. एरवी अशा वेळी घरचे लोक उन्हात ताटकळतात. कुणी मोठ्याने सांगतं, "धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ," कुणी म्हणतं, "शेताची वाटणी होऊ देणार नाही." गेलेल्याचा जीव कशात अडकला असेल याचा अदमास घेत एकेक वचन दिलं जातं. माईंच्या वेळी एक शब्दही बोलावा लागला नाही. जमलेली मंडळी म्हणाली, "पुण्यवान बाई. मागे काही इच्छा ठेवली नाही." अण्णांनाही ते पटलं. ४७ वर्षांच्या संसारात माईंनी स्वतःसाठी काही मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. जाताना तरी त्या कशाला मागतील!

माई मूळच्या मुरबाडकडच्या. माहेरी बैलजोडी, दोन म्हशी आणि दारात कायम एखादं कुत्रं. लग्न होऊन त्या माजिवड्याला आल्या, तेव्हा गाव आणि खाडी यांच्यामध्ये भातखाचरं होती. सासूबाई जेवणाआधी कावळ्याचा घास कठड्यावर ठेवत आणि गायीसाठी पोळी बाजूला काढत. पंचमहायज्ञांत देव, ऋषी, पितर आणि माणसं यांच्या जोडीने मुक्या जिवांचं देणंही सांगितलेलं आहे, त्याला भूतयज्ञ म्हणतात. सासूबाईंना ते नाव माहीत होतं, माईंना माहीत नव्हतं. पण सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं करता करता माईंनी ते देणंही आपल्याकडे घेतलं आणि पुढे कधी खंड पडू दिला नाही.

१९८२ साली ठाणे महापालिका झाली. हळूहळू खाचरं बुजली, गोठे उठले, नाक्यावर उड्डाणपूल आला, चाळींच्या जागी इमारती आल्या आणि आता तर डोक्यावर मेट्रोचे खांब उभे आहेत. माणसांना बदल्यात घरं मिळाली. गावातली कुत्रीमांजरं मात्र होती तिथेच राहिली, फक्त त्यांच्या पायाखालच्या मातीचा डांबरी रस्ता झाला. माई म्हणत, "ती आपल्यात राहायला आलेली नाहीत. आपण त्यांच्यात राहायला आलोय."

अण्णा वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. दुसरी पाळी सुटली की नाक्यावर उतरायला मध्यरात्र होई. माई भुऱ्या नावाच्या कुत्र्याला घेऊन नाक्यापर्यंत येत आणि तिघं मिळून घरी परतत. पुढे ठाण्यातले कारखाने एकामागून एक बंद पडत गेले, त्यात अण्णांचाही गेला. त्या वर्षांत माईंनी डब्यांच्या पोळ्या लाटून घर चालवलं. अण्णा दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. माई त्यांना कधी टोचून बोलल्या नाहीत, फक्त संध्याकाळी हातात पिशवी देऊन म्हणायच्या, "अहो, जरा भुऱ्याला फिरवून आणा. त्याला करमत नाही." फिरवून कोण कुणाला आणतंय, हे भुऱ्यालासुद्धा कळत असावं.

मुलांच्या बाबतीत त्या मायाळू होत्या, पण हिशेबाला पक्क्या होत्या. मुलाने शाळेत असताना गटाराजवळून मांजराचं पिल्लू उचलून आणलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "ठेव. पण जीव घरात आणला की तो मरेपर्यंत आपला. मध्येच कंटाळा आला असं चालणार नाही." मुलगा इंजिनीअर होऊन पुण्याला गेला तेव्हाही मांजर होतंच. आईने सांगितलं, "तुझं मांजर मी सांभाळते. तू दर महिन्याला त्याच्या खाण्याचे पैसे पाठवायचे." पगार बेताचा होता, पण मुलगा मांजर असेपर्यंत पैसे पाठवत राहिला. मुलगी डोंबिवलीला शिक्षिका झाली. जबाबदारी म्हणजे काय, हे वर्गात शिकवताना तिला दुसरं उदाहरण शोधावं लागलं नाही.

अशी बाई गेली. तेरावा झाला आणि घरात स्मारकाची चर्चा सुरू झाली. सोसायटीच्या बागेत माईंच्या नावाचं बाकडं ठेवावं, असं शेजाऱ्यांनी सुचवलं. मुलाने भरपूर पैसे पाठवले आणि मासिकाच्या दिवशी परिसरातल्या सगळ्या कुत्र्यांना बिस्किटं घालायला सांगितलं. शेजाऱ्यांचंही माईंवर मनापासून प्रेम होतं. कुणी जिन्याखाली दूधभात ठेवू लागलं, कुणी फाटकाशी हाडं टाकू लागलं, कुणी गाडीच्या टपावर पोळ्या ठेवून कामावर जाऊ लागलं. प्रत्येकाला वाटायचं, आपण माईंचंच काम पुढे नेतो आहोत.

दोन-तीन महिन्यांत इमारतीचं चित्र पालटलं. दिवसभर जागोजाग अन्न पडलेलं, त्यावर माशा आणि घुशी. बाहेरची कुत्री आत येऊ लागली, रात्रभर भांडणं होऊ लागली. एक कुत्री उभ्या गाडीखाली व्याली आणि जवळून जाणाऱ्यावर धावून जाऊ लागली. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या आठ वर्षांच्या मुलाच्या पोटरीला चावा बसला.

त्या वेळी एक गोष्ट नीट झाली. वॉचमन धावत आला, त्याने मुलाला उचलून नळाखाली बसवलं आणि साबण लावून १५ मिनिटं जखमेवर पाणी सोडलं. बायका हळद आणि चुना घेऊन आल्या, पण त्याने काहीही लावू दिलं नाही. लगेच रिक्षात घालून मुलाला सरकारी दवाखान्यात नेलं आणि पहिली लस त्याच दिवशी टोचून घेतली. रेबीज एकदा अंगात दिसू लागला की जवळजवळ कुणीच वाचत नाही, मात्र वेळेवर धुतलेली जखम आणि पुरी केलेली लस माणसाला वाचवते. डॉक्टरांनी विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" वॉचमन म्हणाला, "आमच्या माईंनी."

रविवारी सोसायटीची सभा भरली. चावा बसलेल्या मुलाची आई रडत होती आणि तिचा राग खोटा नव्हता. कुणी म्हणालं, सगळी कुत्री टेम्पोत भरून येऊरच्या जंगलात सोडून या. अण्णा उठून उभे राहिले. "इतकी वर्षं कुत्री इथेच होती. माई असताना असं कधी झालं नाही, मग आत्ताच का झालं?" त्यांनी विचारलं होतं रागाने, पण सभेत कुणाकडे उत्तर नव्हतं आणि खोलीत परतल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की उत्तर आपल्याकडेही नाही. जिच्याबरोबर ४७ वर्षं काढली, ती रोज रात्री तासभर खाली जाऊन नेमकं काय करत होती, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

म्हणून दुसऱ्या दिवसापासून अण्णा विचारत फिरले.

वॉचमन म्हणाला, "अण्णा, माई अन्न टाकत नव्हत्या, वाढत होत्या. पंपाच्या खोलीमागे, रात्री नऊनंतर, मुलं घरात गेली की. प्रत्येकाचं ताट वेगळं. अर्ध्या तासात ताटं उचलायच्या, धुवायच्या, जागा झाडून मगच वर जायच्या. दिवसा कुणाला तुकडासुद्धा नाही. म्हणून दिवसा कुत्री कुणाच्या पिशवीकडे बघत नव्हती."

माजिवडा गावातली मासळीवाली म्हणाली, "मुंडकी न्यायची माझ्याकडून. मी फुकट दिली तर घ्यायची नाही. म्हणायची, उद्या तू दिली नाहीस तर मी त्यांना काय सांगू? पैसे दिले की माझा हक्क."

नाक्यावरचा फुलवाला म्हणाला, "पहाटे मी टेम्पो घेऊन दादरला फुलं आणायला जातो. जाताना गाडी रिकामीच असते. एखादं कुत्रं गाडीखाली आलं, मांजर पडलं, की माई आदल्या रात्री सांगायच्या. रिक्षा शीवच्या पुढे जात नाही ना. त्यांना परळला बैलघोडा हॉस्पिटलात सोडायचो. कुत्री ऑपरेशनला पाठवायची सोयही त्याच करायच्या. अण्णा, तुमच्या गल्लीतल्या कुत्र्यांचे कान बघितलेत का कधी?"

त्या संध्याकाळी अण्णांनी पहिल्यांदा कान बघितले. नऊ कुत्र्यांच्या कानाला लहानशी खाच होती. नसबंदी झाल्याची ती खूण. पाच कुत्र्यांचे कान अखंड होते, ती जागोजाग पडलेल्या अन्नामागे नवी आलेली. भांडणं होत होती ती या नव्या पाचांमुळे. गाडीखाली व्यालेली कुत्री त्यांच्यातलीच. कोडं उलगडलं. नसबंदी आणि लस झालेली कुत्री आपापली हद्द राखतात आणि बाहेरच्यांना सहसा शिरू देत नाहीत. ती उचलून येऊरला नेली असती तर मोकळ्या जागेत आणखी नवी आली असती, आणि नेलेली बिबट्यांच्या तोंडी गेली असती. कायदाही तेच सांगतो. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. त्यांना खायला घालण्याची जागा आणि वेळ सोसायटीने ठरवायची असते, तीही जिन्यापासून, फाटकापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर. माईंनी हे नियम वाचले असतील की नाही कोण जाणे, त्यांचं सगळं आधीपासून तसंच होतं.

त्याच आठवड्यात त्या व्यालेल्या कुत्रीचं एक पिल्लू उड्डाणपुलाजवळ गाडीखाली सापडलं. मागचा पाय लोंबत होता. मुलगी डोंबिवलीहून आली होती. बापलेकीने पिल्लू पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलं आणि पहाटे फुलवाल्याच्या टेम्पोत बसून दोघं परळला निघाली.

मुंबईतली जुनी माणसं ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, ते १८८४ सालचं. तेव्हा शहर बैलगाड्यांवर आणि घोडागाड्यांवर चाले. ओझ्याने मोडलेले बैल आणि घसरून पडलेले घोडे तिथे येत, त्यावरून लोकांनी ते नाव पाडलं. आता तिथे कुत्रीमांजरं येतात आणि संक्रांतीला मांजाने पंख कापलेल्या घारी येतात. रांगेत बसल्या बसल्या अण्णांनी दवाखान्याचं खरं नाव वाचलं. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट.

"या कोण?" त्यांनी विचारलं.

मुलगी म्हणाली, "गिरणीमालक दिनशॉ पेटिटांच्या पत्नी. त्यांनी बायकोचं नाव दिलं दवाखान्याला."

अण्णा कितीतरी वेळ त्या नावाकडे बघत राहिले. साकरबाई दिसायला कशा होत्या, त्यांना काय आवडायचं, यातलं रांगेतल्या एकालाही माहीत नसेल. पण १४० वर्षांनंतरही कुणीतरी सकाळी येऊन टेबल पुसत होतं, कुणी जखमा धूत होतं, कुणी सुई भरत होतं, आणि म्हणून ते नाव रोज शेकडो तोंडी येत होतं. पेटिट शेठांकडे गिरण्या होत्या, त्यांनी दवाखाना उभा केला. पण तेवढ्याने दवाखाना टिकला नसता. रोज कामावर येणाऱ्यांनी तो टिकवला होता. अण्णांना बागेत ठेवायचं बाकडं आठवलं. बाकड्यावर बसता येतं, एवढंच.

पिल्लाचा पाय काढावा लागला, पण जीव वाचला. परतीच्या वाटेवर अण्णा म्हणाले, "दहाव्याला कावळा लगेच शिवला गं. मला वाटलं, हिने काही मागे ठेवलं नाही. मी मोकळा झालो."

मुलगी म्हणाली, "आईची इच्छा नव्हतीच अण्णा, ती मागणारी नव्हती. पण तिचं काम होतं. इच्छा गेलेल्याबरोबर जाते, काम मागे राहतं. आणि कामासाठी कावळा अडत नाही, ते आपणच ओळखायचं असतं."

थोडं थांबून ती म्हणाली, "आई आम्हाला नामदेवांची गोष्ट सांगायची, आठवते? कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. सगळे म्हणतात, ही गोष्ट कुत्र्यात देव पाहण्याची. आई म्हणायची, तसं आहेच, पण भाकरी कुत्र्याने आपली आपण नेली होती. तूप द्यायला मात्र नामदेवांना उठून धावावं लागलं. भाकरी कुणीही टाकेल रे बाळांनो, तुपासाठी पाय झिजवावे लागतात."

अण्णांना सगळी इमारत डोळ्यांसमोर आली. जिन्यातला दूधभात, फाटकावरची हाडं, मुलाने पाठवलेली बिस्किटं. सगळे भाकरी टाकत होते. लसीची तारीख, ऑपरेशनची सोय, धुतलेलं ताट, झाडलेली जागा, पहाटेचा टेम्पो ही तुपाची वाटी होती, आणि ती माई गेल्यापासून कुणी उचललीच नव्हती.

पुढच्या सभेत अण्णा आधी त्या मुलाच्या आईकडे वळले. "वहिनी, तुमचा राग बरोबर आहे. कुत्री आवडलीच पाहिजेत असं माईंनी कधी कुणाला म्हटलं नाही, मीही म्हणणार नाही. मला सहा महिने द्या. ज्यांना माया आहे त्यांनी कामं वाटून घ्यायची, ज्यांना नाही त्यांना त्रास होऊ द्यायचा नाही." मग त्यांनी कागद काढला. अन्न एकाच जागी, रात्री नऊनंतर. ताटं उचलण्याची पाळी कुणाची, झाडण्याची कुणाची. नव्या पाच कुत्र्यांची नसबंदी आणि लस कशी करून घ्यायची. पिल्लं दूध तुटल्यावर कुणाच्या घरी द्यायची. कुणी चावलं तर काय करायचं, ते वॉचमन सगळ्या मुलांना शिकवणार. "दिवसा जो कुणी तुकडा टाकेल, त्याने माईंचं नाव घेऊ नये," एवढंच ते जरा कडक बोलले.

मुलाचा पुण्याहून फोन आला, "अण्णा, बाकड्याचे पैसे पाठवू का?" अण्णा म्हणाले, "एकदम नको पाठवूस. दर महिन्याला थोडे पाठव, मांजराचे पाठवायचास तसे." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग मुलगा म्हणाला, "पाठवतो. आणि महिन्यातून एक रविवार येतो. ताटं धुवायला."

सहा महिन्यांत भांडणं थांबली. माया सगळ्यांच्या मनात उगवली असं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आजही कुत्र्यांपासून चार हात लांबून जातात, पण उचलून न्या असं आता म्हणत नाहीत. त्यांच्या मुलाची इंजेक्शनं पुरी झाली. कुत्र्याला हात लावायची त्याची अजून तयारी नाही आणि कुणी त्याला आग्रह करत नाही. मात्र खिडकीतून तो कान बरोबर ओळखतो आणि नवं कुत्रं आत शिरलं की पहिली खबर त्याचीच असते.

माईंच्या वर्षश्राद्धाला अण्णांनी मोठं जेवण घातलं नाही. त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना रेबीजची वार्षिक लस टोचून घेतली. तीन पायांचं ते पिल्लू आता मोठं झालं होतं, त्याचाही नंबर लागला. दर वर्षी हीच तारीख, असं सोसायटीने ठरवलं. त्यामुळे लसीची तारीख कुणी विसरत नाही, आणि माईंचीही.

आपल्या घरातलं कुणी गेलं की त्याच्यावर आपलं किती प्रेम होतं ते सांगायला आपल्याकडे शब्द असतात, फोटोला हार असतो, दान द्यायला हात सैल असतो. हे सगळं करावं. पण त्याबरोबर शेजाऱ्यांना, वॉचमनला, दुकानदाराला एक विचारावं, की या माणसाचा दिवस कसा जायचा? तो सकाळी कुठे जायचा, कुणाचं काय करायचा, कुणाची वेळ सांभाळायचा? ज्यांच्यासाठी तो ते करत होता, त्यांतल्या पुष्कळांना आपल्याशी बोलता येत नाही. ते वचन मागणार नाहीत, वाटही अडवणार नाहीत. तेव्हा त्याच्या कामांतलं आपल्याला झेपेल असं एक काम निवडावं आणि उद्या ठरल्या वेळी ते करायला हजर व्हावं.